टँकचा दिवा चालू, पाणी बंद

या आठवड्याच्या व्हिडिओत समुद्री फिश टँकचा विषय मी चार मिनिटांत उरकला. ते काही बरोबर झालं नाही, म्हणून इथे सविस्तर लिहितो.

विषय निघाला कसा, ते आधी. आमच्या खामगावच्या बॅचला एक दुकानदार भाऊ येतात. नऊ-दहा वर्षं गोड्या पाण्यातले मासे विकतात: गोल्डफिश, गप्पी, मॉली, मध्ये फ्लॉवरहॉर्नचं वेड आलं होतं तेव्हा फ्लॉवरहॉर्न. दुकान बरं चालतं. आता त्यांना 'मरीन' सुरू करायचंय. एका डॉक्टरांनी नव्या दवाखान्याच्या वेटिंग रूमसाठी चार फुटी रीफ टँक मागितला. भाऊंनी कोटेशन तयार केलं आणि भाव बरोबर लावलेत का ते बघायला माझ्याकडे आणलं.

पहिली ओळ काचेची. दुसरी कॅबिनेटची. मग निळा-पांढरा एलईडी लाइट, मग मीठ, वाळू, दगड, मासे, 'कोरल ६ पीस', आणि पान संपता संपता, जीएसटीच्या जरा वर: 'वेव्हमेकर, १ नग'.

बॅकअपची ओळच नव्हती.

भावांबद्दल मी काही बोललो नाही. म्हटलं, भाऊ, हे कोटेशन उलटं आहे. शेवटची ओळ वर घ्या, तिच्याखाली बॅकअप लिहा, आणि काचेचं काय ते नंतर बघू. ते हसले. म्हणाले, "सर, गिऱ्हाईक पंप बघायला येते का? लाइट बघायला येते." गिऱ्हाइकाचं त्यांचं निरीक्षण शंभर टक्के खरं आहे. तरीही कोटेशन चूकच आहे, आणि हे मी पुस्तकातून सांगत नाही.

माझ्याकडे स्वतःचा समुद्री टँक होता. चार फूट लांब, दीड रुंद, दीड उंच. आत दोन क्लाउनफिश, एक डॅमसेल आणि दगड. पुढे त्यात प्रवाळ ठेवायचं मनात होतं, तिथवर पोचलोच नाही. सहा महिने टँक मस्त चालला. मे महिन्यात मी दोन दिवसांच्या ट्रेनिंगला मेहकरला गेलो. रात्री घरची लाईट गेली, ती सकाळपर्यंत आली नाही. घरच्यांना काही वाटलं नाही, कारण टँक छान दिसत होता. टँकचा दिवा इन्व्हर्टरवर होता! वायरिंग करताना घरातल्या दिव्या-पंख्यांची लाइन इन्व्हर्टरवर घेतलेली, टँकचा दिवा त्याच बोर्डावर, आणि पाण्याचे पंप मात्र मोठ्या सॉकेटवर, जे इन्व्हर्टरवर नव्हतं. म्हणजे रात्रभर माझा टँक उजळलेला होता आणि आतलं पाणी ठार उभं होतं. सकाळी मुलीनं फोन केला, "पप्पा, मासे वर येऊन तोंड उघडतायत." मी पोचेपर्यंत तिन्ही गेले होते. थर्मामीटर ३२ दाखवत होता.

चूक कुणाची? माझीच. वायरिंग मी समोर उभं राहून करून घेतलेलं. लाइटसाठी पैसे मोजले होते, म्हणून लाइट कुठल्या बोर्डावर आहे ते मला माहीत होतं. पंप कुठे लागतो, ते बघितलंच नव्हतं.

गोड्या पाण्याचा टँक असता तर कदाचित निभावलं असतं. समुद्राच्या पाण्याची अडचण अशी की त्यात प्राणवायू मुळातच कमी मावतो. २५ अंशाला गोड्या पाण्यात लिटरमागे साधारण ८ मिलिग्रॅम विरघळतो, तर समुद्राच्या पाण्यात पावणेसातच्या आसपास. पाणी ३२ अंशांवर गेलं की तो ६ वर येतो. आणि हा प्राणवायू आत येतो तो पाण्याच्या वरच्या थरातून. वरचा थर हलला पाहिजे, खालचं पाणी वर आलं पाहिजे, वरचं खाली गेलं पाहिजे. दगडात आणि वाळूत राहणारे जिवाणू, जे माशांची घाण पचवतात, त्यांनाही तोच प्राणवायू लागतो. पाणी थांबलं की मासे आणि जिवाणू दोघंही त्याच घोटभर प्राणवायूवर तुटून पडतात.

प्रवाळाचं तर आणखी अवघड. आपल्याकडे प्रवाळ म्हणजे पोवळं, आणि पोवळं म्हणजे मंगळासाठी चांदीच्या अंगठीत बसवायचा खडा. पण ते जिवंत असताना प्राणी असतं, एका जागी चिकटलेला. मासा निदान वर येऊन तोंड तरी उघडतो. प्रवाळाला हलता येत नाही. खाणं पाण्यानं आणून द्यायचं, प्राणवायू पाण्यानं, अंगावर सुटणारी चिकट बुळबुळ धुऊन न्यायची तीही पाण्यानंच. पाणी संथ असेल तर प्रवाळाच्या अंगालगत शिळ्या पाण्याचा एक पातळ थर बसून राहतो आणि बाहेर कितीही चांगलं पाणी असलं तरी आत पोचत नाही. प्रवाहाचं काम तो थर मोडायचं. लाइट महत्त्वाचा आहेच, प्रवाळाच्या अंगातलं शेवाळ त्यावर जगतं. पण लाइट चार दिवस नसला तरी प्रवाळ सहसा तग धरतं. पाणी एक रात्र थांबलं की गेलं.

मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ स्नॉर्केलिंग करतात, तुमच्यापैकी काहींनी केलं असेल. तिथे पाण्यात तोंड घालून मी पहिल्यांदा समजलो की आपण टँकमध्ये काय चुकत होतो. पाणी नदीसारखं एका दिशेला वाहत नव्हतं. पुढे ढकलायचं, क्षणभर थांबायचं, मागे ओढायचं. मी, मासे, खडकावरचं शेवाळ, सगळे एकाच तालात पुढे-मागे. आणि आम्ही टँकमध्ये काय करतो? एक पंप कोपऱ्यात लावतो, त्याचा झोत दिवस-रात्र एकाच दगडावर मारतो. झोताच्या तोंडाशी असलेल्या प्रवाळाचं मांस अक्षरशः सोलून निघतं, आणि त्याच दगडाच्या मागे घाण साचून लाल-जांभळा चिकट थर धरतो. एकाच टँकमध्ये पाणी जास्तही आणि कमीही.

त्यामुळे 'वेव्हमेकर १ नग' हे लिहिणंच चूक. किमान दोन हवेत, दोन्ही बाजूंनी, झोत एकमेकांना मधोमध भिडतील किंवा समोरच्या काचेवर आपटून पसरतील असे. आलटून पालटून चालणारे असतील तर उत्तम. एक जरा वरच्या बाजूला, पाण्याचा पृष्ठभाग थरथरेल असा. वाळू उडून तळाची काच दिसायला लागली तर झोत वर करा. मग माशांच्या खाद्याची चिमूट सोडा आणि फक्त बघा. कण कुठे जाऊन बसतात? जिथे बसतात तिथे उद्या घाण बसणार. दगड हलवा, पंप हलवा, परत चिमूट सोडा. याला अर्धा दिवस जातो. हा अर्धा दिवस कोटेशनमध्ये कुणी लावत नाही, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त पैसे याचेच घ्यायला हवेत.

आता आकडे. गोड्या पाण्याच्या टँकमध्ये तासाला टँकच्या चार-सहा पट पाणी फिरलं तरी चालतं. समुद्री टँक पाळणारे लोक ढोबळ हिशेब असा धरतात: मऊ प्रवाळांना दहा ते वीस पट, टणक फांद्यांच्या प्रवाळांना तीस-चाळीस पट किंवा त्याहूनही जास्त. चार बाय दीड बाय दीडच्या टँकमध्ये काठोकाठ २५५ लिटर मावतात, दगड-वाळू धरून २२० म्हणा. वीस पट म्हणजे तासाला ४४०० लिटर. यातलं बरंचसं काम आतले वेव्हमेकर करतात. टँकखालच्या फिल्टरच्या टाकीतून, ज्याला सम्प म्हणतात, वर पाणी आणणारा रिटर्न पंप फक्त तीन-पाच पट फिरवतो.

आणि इथेच दुकानदार फसतो. डब्यावर लिहिलेलं असतं २००० लिटर, हेड २ मीटर. हे २००० लिटर शून्य उंचीला. दोन मीटरला तो शून्य देतो! सम्पपासून टँकच्या वरपर्यंत सव्वा मीटरच्या आसपास उंची, त्यात दोन एल्बो, म्हणजे हातात ८०० लिटर आले तर नशीब. आपल्या शेतकऱ्याला हे शिकवावं लागत नाही. विहीर किती फूट, पाइप किती लांब, मोटर किती एचपीची, डिलिव्हरी किती पडेल, हे तो पारावर बसून सांगतो. तोच शेतकरी शहरात फिश टँक घेताना डब्यावरचा आकडा खरा मानतो, आणि त्याला विकणाराही खरा मानतो.

मोजायचं कसं? दहा लिटरची बादली आणि मोबाईलचं घड्याळ. रिटर्नचा पाइप त्याच उंचीवर बादलीत सोडा. ३६ सेकंदांत भरली तर तासाला १००० लिटर. ४५ सेकंद लागले तर ८००. कोटेशनमध्ये डब्यावरचा आकडा लिहू नका, बादलीचा लिहा. महिन्या-दोन महिन्यांनी परत मोजा, कारण पंपाच्या आत चुना धरतो. ड्रिपवाल्यांना माहीत आहे, क्षाराचं पाणी असलं की ड्रिपर बंद पडतात आणि लॅटरलमधून ॲसिड सोडावं लागतं. इथे ॲसिड नको, पाण्यात व्हिनेगर मिसळून पंप तासभर बुडवून ठेवायचा, ब्रशनं घासायचा, चांगला धुऊन परत लावायचा.

आता आपल्या जिल्ह्याचा खास प्रश्न, उन्हाळा. घाटावर बुलढाणा-चिखलीला थोडं बरं, पण घाटाखाली खामगाव, नांदुरा, मलकापूर, शेगावकडे मे महिन्यात काय होतं ते सांगायला नको. टँकला पाणी २५ ते २७ अंश लागतं. चिलर घेणं प्रत्येकाला झेपत नाही. पण आपल्याकडे मुंबईपेक्षा एक फायदा आहे: हवा कोरडी. मुंबईत कूलर चालत नाही, आपल्याकडे चालतो, तेच तत्त्व इथे. पृष्ठभागावर छोटा पंखा सोडला आणि खाली पाणी फिरतं असलं की दोन-तीन अंश सहज उतरतात. पण पाणी फिरत नसेल तर पंखा फक्त वरचा थर गार करतो. इथेही परत प्रवाहच.

पंख्याची किंमत मात्र पाण्यात मोजावी लागते. रोज दोन लिटर उडाले आणि दहा दिवस कुणी लक्ष दिलं नाही, तर २०० लिटरच्या टँकमधले २० लिटर गेले. मीठ उडत नाही. लिटरला ३५ ग्रॅमचं पाणी ३९ वर जातं. हे कळायला आपल्याला लांब जायची गरज नाही, लोणार आहे. त्या सरोवरात धारेचं गोडं पाणी येतं, पावसाचं येतं, बाहेर जायला मात्र वाट नाही. फक्त उन्हानं उडतं. क्षार मागे राहतात, वर्षानुवर्षं. २०२० च्या जूनमध्ये पाणी गुलाबी झालं तेव्हा सगळे फोटो काढायला धावले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या तपासणीत निघालं की खारट पाण्यात वाढणारे हॅलोआर्किया नावाचे सूक्ष्मजीव त्यामागे आहेत. पाणी आटलं, खारटपणा वाढला, त्यांचं फावलं. तुमच्या वेटिंग रूममधला टँक म्हणजे चार फुटांचं लोणार. उडालेलं पाणी भरून काढायचं ते आरओच्या गोड्या पाण्यानं, रोज. मिठाच्या पाण्यानं भरलं तर खारटपणा आणखी वाढतो. ही चूक नवीन माणूस हमखास करतो.

जाता जाता, दोघा-तिघांनी विचारलं होतं की लोणारचं किंवा संग्रामपूर-शेगावकडच्या खारपाणपट्ट्यातल्या बोअरचं पाणी टँकला चालेल का. खारट आहे ना! नाही चालणार. समुद्राच्या पाण्याचा सामू ८.१ ते ८.३ असतो, लोणारचा दहाच्या आसपास, आणि त्यात सोडा. खारपाणपट्ट्यातल्या क्षारांचं मिश्रणही समुद्रासारखं नसतं. समुद्र आपल्यापासून शेकडो किलोमीटर लांब आहे, तेव्हा टँकचं तयार मीठ आरओच्या पाण्यात कालवणं एवढाच रस्ता.

बॅकअपकडे येतो. सगळं चालवायची गरज नाही. लाइट बंद राहू द्या, रिटर्न पंप बंद राहू द्या. फक्त एक वेव्हमेकर, पृष्ठभाग हलवणारा, चालला पाहिजे. डीसी पंप घेतलात तर दहा-बारा वॅटमध्ये भागतं. घरच्या १५० एएचच्या बॅटरीत कागदावर १८०० वॅट-तास असतात, जुनी धरून अर्धेच समजा. पंखे चालवूनही एवढासा पंप रात्र काढतो. स्वस्तातले इन्व्हर्टर जो करंट देतात त्यावर एसी पंप गुरगुरतात आणि तापतात, म्हणून आधी तासभर चालवून हात लावून बघा. अगदीच काही नसेल तर बॅटरीवरचा एअर पंप ड्रॉवरमध्ये ठेवा. त्यानं मिठाचे शिंतोडे उडतात, उडू द्या.

लाईट गेल्यावर आणखी एक गंमत होते. रिटर्नच्या पाइपातून पाणी उलटं खाली यायला लागतं, आणि सम्प भरून फरशीवर येतो. दवाखान्याच्या फरशीवर. त्यासाठी रिटर्नच्या तोंडाजवळ, पाण्याच्या पातळीला लागून पाइपाला बारीक छिद्र पाडायचं, म्हणजे हवा शिरून ओढ तुटते. सम्पमध्ये तेवढ्या पाण्याची जागा रिकामी ठेवायची. चेक व्हॉल्व्हवर भिस्त ठेवू नका, त्यात वाळूचा एक कण अडकला की खेळ संपला. आणि खारट पाणी विजेला फार लवकर वाट देतं, तेव्हा अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी याबाबत घासाघीस नको. प्रत्येक वायर सॉकेटच्या खाली लोंबून वर जाईल अशी लावा, थेंब वायरवरून सॉकेटात शिरत नाही.

आता त्या 'कोरल ६ पीस'बद्दल. भाऊंना मी विचारलं, कुठून आणणार? "एक जण पार्सलनं पाठवते." इथे मी जरा कडक बोललो. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत रीफ बांधणारी सगळी प्रवाळं आहेत, काळी प्रवाळं आहेत, समुद्रपंखे आहेत. वाघ ज्या अनुसूचीत आहे, त्याच. आपल्या समुद्रातून तोडून आणलेला तुकडा विकणं हा गुन्हा आहे, आणि 'मला माहीत नव्हतं' हे तिथे चालत नाही. परदेशातले व्हिडिओ बघून आपण धंदा ठरवतो, पण त्यांचा कायदा वेगळा. आयात केलेला म्हणून कुणी दिला तर आयातीचे कागद मागा, कागद नसतील तर माल नको. माझा सल्ला असा की पहिलं वर्ष फक्त मासे आणि कृत्रिम दगड. क्लाउनफिशची पैदास आता टँकमध्ये होते, आपल्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेनं ते तंत्र बसवलंय. समुद्रातून पकडलेल्यापेक्षा पैदाशीचे मासे विचारून घ्या. एक मे महिना निघाला, प्रवाह जमला, की मग प्रवाळाचं बोला, तेही वन खात्याच्या कार्यालयात विचारून.

भाऊंचा मुद्दा मात्र उरतोच. गिऱ्हाईक लाइट बघायला येतं. न दिसणाऱ्या गोष्टीचे पैसे कोण देणार? आणि शेजारचा दुकानदार बॅकअप न लावता स्वस्तात देणार, ते वेगळंच.

माझं म्हणणं, दिसत नाही तर दाखवा. दुकानातच एक टँक चालू ठेवा. डॉक्टर आले की त्यांच्या समोर मेन स्विच पाडा. दुकान बंद, पंखा बंद, टँकचा दिवा बंद, आणि अंधारात एक पंप पाणी हलवतोय. मोबाईलच्या टॉर्चनं दाखवा. दुसऱ्या दुकानदाराला हेच करायला सांगा म्हणावं. त्याची कोटेशन दहा हजारांनी कमी असेल, पण त्याला स्विच पाडता येणार नाही. मग महिन्याच्या सर्व्हिसचा करार करा: आरओचं पाणी, व्हिनेगरची सफाई, बादलीचा आकडा वहीत लिहून सही. विक्रीत एकदाच कमाई, सर्व्हिसमध्ये दर महिन्याला. आणि डॉक्टरांना जमत नसेल तर त्यांना गोड्या पाण्याचाच मोठा, सुंदर झाडांचा टँक द्या. मेलेला समुद्री टँक वेटिंग रूममध्ये पन्नास पेशंट रोज बघतात, आणि त्यावर तुमच्या दुकानाचं स्टिकर असतं.

भाऊ परवा परत आले होते. दुकानातल्या रिटर्न पंपाला बादली लावून बघितली म्हणाले. डब्यावर २००० लिटर, बादली भरायला ५२ सेकंद. म्हणजे तासाला ७०० लिटरसुद्धा नाही. कोटेशन नव्यानं लिहून आणलं होतं. पहिली ओळ: 'वेव्हमेकर डीसी, २ नग, पैकी १ बॅटरीवर'. 'कोरल ६ पीस' खोडलं होतं. एकूण रक्कम वाढली होती, आणि डॉक्टरांना अजून दाखवायची होती.